भरलेली गाडी घाटातून उतरवताना : नव्या ड्रायव्हरसाठी

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला सपाट काळं रान दिसतं. ट्रक चालवणाऱ्याला मात्र ठाऊक असतं की हे पठार आहे, आणि पठारावरून बाहेर पडायचं तर कुठून तरी खाली उतरावंच लागतं. उत्तरेला अजिंठ्याची रांग आहे. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, अजिंठ्याचा उतरला की फर्दापूर. मधून बालाघाट आडवा गेलाय. मांजरसुंब्याहून बीडकडे, धारूरहून तेलगावकडे, अंबाजोगाईहून परळीकडे येताना उतार लागतो. येडशीचा घाट आहे, तुळजापूरचा आहे. यातला एकही घाट तासभर चालत नाही. नवा ड्रायव्हर फसतो तो इथेच. “दहा मिनिटांचा तर घाट आहे” असं मनात येतं आणि सपाटीवर जसा पाय चालतो तसाच तो घाटातही चालत राहतो.

मी आधी किन्नर (क्लीनर, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस) म्हणून गाडीवर चढलो, मग स्टिअरिंग हातात आलं. लातूरचं सोयाबीन, जालन्याची सळई, परळीची राख, हंगामात ऊस, सगळं ओढलंय. आता नवी पोरं शेजारी बसतात तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. हलक्या गाडीवरून जड गाडीवर नुकतेच आलेले असाल तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी हे समजून घ्या की गरम काय होतं

समजा तुमची गाडी दहा चाकी आहे आणि मालासकट वजन २८ टन आहे. २०१८ च्या नियमानुसार तीन ॲक्सलच्या गाडीला एकूण २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे, म्हणजे तुम्ही नियमातच आहात. समजा घाट पाच किलोमीटरचा आहे आणि उतार शंभर मीटरला सहा मीटर. म्हणजे पायथ्याला पोचेपर्यंत गाडी तीनशे मीटर खाली येणार. तीनशे मीटर उंचीवरून २८ टन खाली आणताना जी ताकद सुटते तिला कुठेतरी जावं लागतं. थोडी टायर आणि हवा खातात. बाकीची उष्णता होते. तिचा हिशेब केला तर दोनशे लिटरचं पिंप गार पाण्याने भरून खाली ही सगळी उष्णता लावली, तर पाण्याला खळखळ उकळी फुटेल.

आता एवढी आग तुम्ही कुठे घालणार? दोनच जागा आहेत, इंजिन आणि ब्रेकचे ड्रम. दहा चाकी गाडीला चाकं दहा असली तरी ड्रम सहाच असतात, कारण मागच्या जोडचाकांना मिळून एकच ड्रम. पाय ब्रेकवर ठेवून घाट उतरलात तर पिंप उकळवणारी ती सगळी उष्णता त्या सहा ड्रमांवर ओतली असं समजा. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून, म्हणजे त्याला आतून घासून धरणाऱ्या पट्टीपासून, लांब जातो. लायनरचीही पकड तापल्यावर कमी होते. बूस्टरचा (चाकाजवळच्या हवेच्या डब्याचा) दांडा पूर्ण बाहेर आला तरी लायनर ड्रमला नीट टेकत नाही. यालाच आपण “ब्रेक गेले” म्हणतो. खरं तर ब्रेक कुठे गेलेले नसतात, ते भरून गेलेले असतात.

एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. कारचा किंवा छोट्या टेम्पोचा ब्रेक कमी व्हायला लागला की पेडल मऊ पडतं, पायाला कळतं. हवेच्या ब्रेकचं तसं नाही. तुमचा पाय फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडतो, ड्रमपर्यंत पायाचा काही संबंध नसतो. ड्रम लालबुंद झाले तरी पेडल पायाखाली पहिल्यासारखंच लागतं. कळतं ते एवढ्यावरून की मघाशी जेवढं दाबून गाडी धरत होती, तेवढ्याने आता धरत नाही. ही खूण ज्याने ओळखली त्याला अजून थांबायला वेळ असतो.

भरायच्या ठिकाणीच करायची कामं

घाटाची तयारी घाटात होत नाही. गाडी जिथे भरते, तिथे माल चढेपर्यंत तास-दोन तास असतात. चहाच्या टपरीवर बसायच्या आधी गाडीखाली जा.

गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना ठोकळे लावा, हवा पूर्ण भरू द्या, मग हँडब्रेक सोडा. किन्नरला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तुम्ही एकेका चाकापाशी जाऊन बूस्टरचा दांडा किती बाहेर येतो ते बघा. सगळीकडे जवळपास सारखा आला पाहिजे. एखादा जास्त बाहेर येत असेल तर त्या चाकाची ब्रेक सेटिंग सैल आहे. हाताने सेट करायचा स्लॅक ॲडजस्टर (दांड्याला जोडलेला, ब्रेकची सैल जागा आवळणारा भाग) असेल तर मिस्त्रीकडून लगेच घट्ट करून घ्या. आपोआप सेट होणारा असेल आणि तरीही दांडा लांब येत असेल, तर पाना लावून तात्पुरतं घट्ट करू नका. आत काहीतरी बिघडलंय, ते उघडूनच बघावं लागेल.

मग इंजिन बंद करून ब्रेक मिनिटभर दाबून धरा आणि हवेच्या काट्याकडे बघा. दाबताना एकदा थोडा खाली येईल, तो चालतो. त्यानंतर तो जागेवर थांबला पाहिजे. उतरत राहिला तर कुठेतरी हवा गळतेय. कान लावून ऐका, सापडते. हवेच्या टाक्यांचं पाणी सोडा. पावसाळ्यात तर रोज सोडा, टाकीत पाणी साठलं की हवेला जागा कमी पडते.

वजनाबद्दल एक सरळ गोष्ट. मालक म्हणतो, दोन टन जास्त घेऊन जा, काट्यावाला ओळखीचा आहे. पकडले गेलात तर कायद्याने दंड वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दंड कुणी भरायचा ते तुम्ही आणि मालक बघून घ्याल. पण त्या दोन टनांची उष्णता घाटात तुमच्या ड्रमांना भरावी लागते, तिथे मालक नसतो. “घाट आहे, एवढं नेणार नाही” हे वाक्य बोलायला शिका. सुरुवातीला जड जातं. एक-दोन भाडी हातची जातील. तरी बोला.

माल कसा बांधलाय हेही उतारावरच कळतं. सळई असेल तर उतारावर तिचा सगळा रोख केबिनकडे असतो. पुढच्या फळीला टेकून, साखळीने आवळून भरलेली सळईच घाटात न्या. ऊस, कापूस, कडबा हा उंच माल वळणावर गाडी कलंडवतो. टँकर अर्धाच भरलेला असेल तर तो भरलेल्यापेक्षा अवघड, कारण मळी असो की दूध, ब्रेक मारला की आतला माल पुढे धावतो आणि धक्का देतो.

आणि माणसं. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा हौद्यात संसार, शेळ्या, लेकरं, सगळं वर बसलेलं असतं. मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्याला धरून नाही हे खरंच आहे. मी स्वतः एका हंगामात अशी फेरी केली आणि नंतर कधी केली नाही. मुकादम गळ घालतो, पैसेही बरे असतात. पण धारूरच्या घाटात मागून लेकराचं रडणं ऐकू येत होतं आणि माझा पाय थरथरत होता, ते मी विसरलेलो नाही. त्यांना बसने पाठवायला सांगा, सामान तुम्ही घ्या.

माथ्यावर थांबा

घाट सुरू होण्याआधी, वर जागा बघून गाडी बाजूला घ्या. पाचच मिनिटं लागतात. खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारा. टायरांवर हात फिरवा, दोर-ताडपत्री बघा, ड्रमजवळ हात नेऊन बघा की एखादा आधीच तापलाय का. हवेचा काटा पूर्ण वर आलेला असू द्या. एक्झॉस्ट ब्रेकचं (इंजिनाने गाडी धरायच्या ब्रेकचं) बटन दाबून तो चालतोय का बघा. झोप येत असेल तर इथेच झोपा. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाचे आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिलेली आहे. आपल्या धंद्यात ती किती मिळते हे आपल्याला माहीत आहे. निदान घाटाच्या माथ्यावर तरी ती स्वतःहून घ्या.

फलकही वाचा, कारण घाटाचे नियम बदलतात. कन्नडचाच घाट घ्या. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिथे पावसाने दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद झाला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने त्या घाटातून जड वाहनांना बंदी आली आणि ट्रक शिऊर बंगला, नांदगावमार्गे वळवले गेले. फेरा पडतो, डिझेल जातं, म्हणून रात्रीतून चोरून घाटाने उतरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती वळणं लांब गाडीला पुरत नाहीत. तुळजापूरचंही तसंच. नवरात्रात आणि कोजागिरीला सोलापूरकडून लाखो माणसं चालत येतात आणि जड गाड्या दुसरीकडे वळवतात. निघण्याआधी त्या रस्त्यावरून नुकत्याच आलेल्या ड्रायव्हरला फोन करून विचारणं सगळ्यात खात्रीचं.

गिअर माथ्यावरच ठरतो

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. उतार सुरू व्हायच्या आधी, गाडी हळू असतानाच खालचा गिअर टाका आणि पायथा येईपर्यंत तो सोडू नका. गाडी घाटात इंजिनाने धरायची असते. ब्रेक हा वरचा आधार.

जुने लोक सांगायचे, ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. त्यांच्या काळात ते बरोबर होतं, कारण इंजिनं कमी ताकदीची होती आणि चढायलाच दुसरा-तिसरा लागायचा. आताची बीएस-सहा गाडी तोच घाट चौथ्या-पाचव्यात चढून जाते. त्याच गिअरने उतरलात तर इंजिन गाडीला पुरेसं धरणार नाही. म्हणून नव्या गाडीवर मी त्याच्याही एक किंवा दोन गिअर खाली घेतो. भरलेल्या गाडीला बहुतेक दुसरा-तिसरा. बरोबर गिअरची खूण अशी की पाय सगळ्यावरून काढला आणि एक्झॉस्ट ब्रेक लावला, तर गाडी आपल्याआप एका वेगावर बसते किंवा अगदी हळूहळू वाढते. झपाट्याने वाढत असेल तर गिअर मोठा आहे.

एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी धरतो. इंजिन जितकं जास्त फिरतं तितका तो जास्त धरतो. म्हणून आरपीएमचा काटा वर असणं घाटात चांगलं, फक्त लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. उतारावर गाडीच इंजिनाला फिरवत असते, त्यामुळे लाल पट्ट्यात गेलेलं इंजिन डिझेल बंद होऊनही वाचत नाही. क्लच दाबलात किंवा न्यूट्रल केलंत की एक्झॉस्ट ब्रेकचा काही उपयोग नाही, कारण मग इंजिन आणि चाकं यांचं नातंच तुटतं. गिअर आपोआप पडणारी गाडी असेल तर माथ्यावर ती हाताच्या मोडवर घ्या, नाहीतर ती वरचा गिअर टाकू शकते.

न्यूट्रलबद्दल जरा थांबून बोलतो. “उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं” हे अजूनही ढाब्यावर सांगितलं जातं. आताच्या कॉमन रेल इंजिनात हे उलट आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेणंच बंद करतं, चाकं त्याला फिरवत असतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःहून चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेलही जातं आणि गाडीही हातातून जाते. आणि इंजिन पूर्ण बंद करून उतरणारेही मी पाहिलेत. इंजिन बंद म्हणजे हवा भरणं बंद आणि पॉवर स्टिअरिंग बंद. यावर मला आणखी काही लिहावंसं वाटत नाही. करू नका.

माझी गोष्ट सांगतो. लायसन नवं होतं, लातूरहून सोयाबीन भरून जालन्याला निघालो होतो. केजला चहा घेतला, उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो, ते मागे झोपले. पहाटे तीनच्या सुमारास मांजरसुंब्याचा चौक ओलांडला. सुरुवातीचा उतार सौम्य वाटला म्हणून पाचव्यातच राहिलो. पहिलं वळण गेलं. वेग पन्नासवर गेला तसा ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. पुढे एक गाडी सावकाश चालली होती, तिच्यामागे ब्रेक दाबूनच धरला. तेव्हा वास आला. केस जळल्यासारखा, कडवट, घशात बसणारा. मी घाबरलो आणि जे अजिबात करू नये ते केलं. क्लच दाबला आणि तिसरा टाकायला गेलो. गिअर खर्रकन वाजला आणि पडलाच नाही. दांडा हातात मोकळा हलत होता. दावं तुटलेल्या बैलासारखी गाडी सुटली.

उस्तादांना जाग आली ती माझ्या ओरडण्याने नाही. इंजिनाचा आवाज एकदम बसला, त्या शांततेने त्यांना जाग आली. ते उठून बसले आणि एवढंच म्हणाले, “रेस दे. पाचवाच टाक. पाचवा!” रेस दिली, पाचवा पडला, इंजिन परत ओरडायला लागलं आणि गाडीला थोडी धरण आली. उरलेल्या ब्रेकवर कसंबसं खाली आलो.

त्या दिवसापासून मला कळलं की घाटाच्या मध्यावर खालचा गिअर पडत नसतो. गाडीच्या वेगाशी इंजिनाचा वेग जुळत नाही, म्हणून तो लागत नाही, आणि तेवढ्यात हातातला होता तोही जातो. गिअर निसटलाच तर त्या वेगाला जो बसेल तोच टाका, मोठा असला तरी चालेल. मोठा गिअर हा न्यूट्रलपेक्षा कितीतरी बरा.

ब्रेक कसा मारायचा

घाटात हलका ब्रेक सतत धरून ठेवणं सगळ्यात वाईट. ड्रमला गार व्हायला क्षणभरही मिळत नाही. त्याऐवजी तुमचा एक वेग ठरवा. समजा तीस. गाडी तिसावर आली की ब्रेक नीट जोर देऊन दाबा, वेग बावीस-तेवीसपर्यंत आणा आणि पाय पूर्ण काढा. परत तीस झाली की परत तेच. मधल्या वेळात ड्रमांना हवा लागते. गिअर बरोबर असेल तर ही वेळ फार कमी येईल. दर पंधरा सेकंदांनी ब्रेक मारावा लागत असेल तर तुमचा गिअर चुकलाय. मग जागा दिसताच गाडी पूर्ण थांबवा, थंड होऊ द्या आणि खालच्या गिअरमध्ये पुन्हा निघा.

ब्रेक पंपासारखा फटाफट मारायची सवय असेल तर ती सोडा. प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. हवा भरण्याच्या वेगापेक्षा तुम्ही जास्त खर्च केली की काटा उतरतो आणि बझर वाजतो. बझर वाजला म्हणजे अजून ब्रेक आहे, पण संपत चाललाय. तेव्हाच थांबायचं, पुढचं वळण बघून मग थांबू असं नाही.

सावकाश उतरण्याबद्दल एक गैरसमज आहे. काहींना वाटतं हळू गेलं की उष्णताच कमी होते. उष्णता तेवढीच निघते, तीनशे मीटर ते तीनशे मीटरच. फरक वेळेचा आहे. तीसच्या वेगाने पाच किलोमीटरला दहा मिनिटं, पंधराने वीस. त्या वीस मिनिटांत खालच्या गिअरमधलं इंजिन दुप्पट वेळ गाडी धरतं, म्हणजे ड्रमांच्या वाट्याला कमी येतं. आणि थांबवायची वेळ आलीच तर वीसवरून थांबवायला जेवढी ताकद लागते, त्याच्या चौपट चाळीसवरून लागते.

मागचा छोटा गाडीवाला हॉर्न मारत असेल तर मारू द्या. जागा दिसली की बाजूला घेऊन त्याला जाऊ द्या, पण त्याच्यासाठी वेग वाढवू नका.

वळणं आणि समोरून येणारे

वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक नाही. वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी झालेला हवा. वळताना ब्रेक मारला तर उंच माल बाहेरच्या बाजूला झुकतो, आणि ट्रेलर असेल तर मागचा भाग पुढच्याला ढकलून गाडी मोडते, कात्रीसारखी. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, रात्री डिपर द्या. ओव्हरटेक तर नाहीच.

अरुंद जागी समोरून गाडी चढत असेल तर थांबायचं तुम्ही, म्हणजे उतरणाऱ्याने. नियमच तसा आहे, आणि त्याला कारण आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की परत उचलताना मागे सरकते. धारूरच्या घाटात हंगामात हे रोजचं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून येतो, ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, मागे रिफ्लेक्टर नसतो, वर ऊस चार बाजूंनी बाहेर आलेला. त्याला घाई करायला लावू नका. तुमच्यापुढे उतरणारा ट्रॅक्टर असेल तर शंभर मीटर अंतर ठेवा, तो कधीही अडकू शकतो.

पाऊस आणि धुकं

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि डांबर साबणासारखं होतं. गाडी रिकामी असेल तर ओल्या वळणात एक्झॉस्ट ब्रेक जपून वापरा, तो फक्त मागच्या चाकांवर येतो आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं घसरतात. भरलेल्या गाडीला ही भीती कमी. पाण्यातून गाडी काढली असेल तर माथ्यावर हलके दोन-तीन ब्रेक मारून लायनर वाळवा. श्रावणात धुकं इतकं उतरतं की बॉनेटपुढचं दिसत नाही. तेव्हा डोंगराच्या कडेला दरडीचे लहान दगड पडलेत का बघत चला. लहान दगड दिसले की मोठा मागे असतो.

धरेनाशी झाली तर

असं कधी होऊ नये. पण डोक्यात आधीच ठरलेलं असलं की हात चालतात. क्लचला हात-पाय लावू नका, गिअर आहे तो राहू द्या. एक्झॉस्ट ब्रेक चालू, हॉर्न सतत, हेडलाइट आणि चारी इंडिकेटर चालू. हवा असेल तर एकच जोराचा ब्रेक दाबून धरा.

हँडब्रेकवर फार भरवसा ठेवू नका. बऱ्याच जणांना वाटतं तो वेगळा ब्रेक आहे. तो त्याच ड्रमांवर त्याच लायनरने बसतो, फक्त हवेऐवजी स्प्रिंगच्या जोराने. ड्रमच तापून फुगलेले असतील तर हँडब्रेकही तेवढाच कमी धरणार. तरी ओढा, हळूहळू ओढा, एकदम नाही, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी होते.

त्यानेही नाही झालं तर दरीकडे कधीच नाही, डोंगराकडे. डोंगराकडच्या गटारात चाक घाला, बाजूची मऊ माती, झुडपं, रेतीचा ढीग, जे मिळेल त्याला गाडी घासत न्या. गाडीचं नुकसान होईल. होऊ द्या. चालत्या गाडीतून उडी मारू नका. गाडी तुमच्याविना खाली माणसांत जाते, आणि उडी मारणाराही बहुतेक चाकाखाली येतो. सीटबेल्ट लावलेला असेल तर केबिनमध्ये बसलेल्याला वाचायची जास्त आशा आहे.

पायथ्याला

घाट संपला की लगेच वेगात पळू नका. किलोमीटरभर ब्रेक न मारता सावकाश चालवा, ड्रमांना वारा लागू द्या. मग सपाट जागा बघून थांबा. तापलेल्या ड्रमांवर हँडब्रेक आवळून ठेवू नका, गार होताना ड्रम आवळतो आणि तडकू शकतो. चाकांना ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. धूर दिसला तरी ड्रमवर पाणी ओतू नका, ओतीव लोखंड आहे, तडा जातो. आग लागलीच तर गोष्ट वेगळी. आणि ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल तर निघताना तो रस्त्यावरून उचलून बाजूला टाका. रात्री मोटारसायकलवाला त्याच दगडावर जातो.

मग एक फेरी. हाताचा मागचा भाग प्रत्येक ड्रमच्या जवळ न्या, लावू नका. त्या पहाटे बीडच्या अलीकडे उस्तादांनी मला हेच करायला लावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “हात ने आणि सांग कुठला गार आहे.” मला वाटलं ते चुकून बोलले, कुठला तापलाय असं म्हणायचं असेल. पाच ड्रमांजवळ हात नेववत नव्हता, मागच्या डावीकडून तर धूर निघत होता. मधल्या ॲक्सलच्या उजव्या ड्रमजवळ हात सहज गेला. तो कोमटसुद्धा नव्हता.

मग मला कळलं. गार असलेलं चाकच बिघडलेलं होतं. त्याची सेटिंग सैल होती, ते काहीच धरत नव्हतं आणि त्याच्या वाट्याचं काम बाकीच्या पाच ड्रमांनी केलं होतं. लातूरला माल भरताना मी गाडीखाली गेलो असतो तर तिथेच दिसलं असतं. तेव्हापासून प्रत्येक घाटानंतर मी सहाही ड्रम बघतो आणि कुठला जास्त तापला, कुठला गार राहिला ते केबिनमधल्या वहीत तारखेसकट लिहितो. मिस्त्रीकडे गाडी गेली की आधी वही दाखवतो, मग तोंडी सांगतो. एकच चाक दोन घाटांत गार निघालं, तर त्याचा ड्रम उघडल्याशिवाय पुढचं भाडं घेऊ नका.